चारही चाकं ओढतील, पण थांबवणार कोण?

या महिन्याच्या टपालात फोर-व्हील गाड्यांचे प्रश्न जास्त निघाले. आमच्या वाढे फाट्यावरच्या गॅरेजातही थंडी पडायला लागली की हेच चालतं. ऊस तोडीला आलेला असतो, तासगावकडं द्राक्षबागांना पाणी सुरू असतं, आणि ज्यांच्याकडं ऊसही नाही, बागही नाही, ते हिमाचलचं बुकिंग करून गाडी दाखवायला घेऊन येतात. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली. या वेळी फक्त चाकाची पकड.

प्रश्न : मेजर, नमस्कार. माझ्याकडं २०२२ ची थार आहे, डिझेल, मॅन्युअल, फोर-बाय-फोर. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, बायको, मेहुणे आणि त्यांची बायको असे चौघं मनालीवरून काझाला जायचं म्हणतोय. फोर-बाय-फोर असल्यावर बर्फात काही अडचण येऊ नये असं मला वाटतं. पण इथं एका ठिकाणी मोठे मड टायर आणि दोन इंची लिफ्ट करून घ्या म्हणून सांगितलंय. खर्च लाखाच्या पुढं जातो. करावा का? आणि बर्फासाठी चाकांवर चढवायची चेन लागतेच का? पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला आणि कुंभार्ली घाटात गाडी भरपूर चालवली आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : दादा, मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आपल्या जिल्ह्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, तेव्हा ते राहू द्या. आधी रस्त्याचं बोलू, मग चाकाचं.

मनालीवरून काझाला जाणारा रस्ता कुंझुम खिंडीतून जातो. खिंड ४,५५१ मीटरवर आहे आणि हिवाळाभर बंद असते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला तेव्हापासून लोकांची समजूत झालीय की तिकडचं सगळंच बारमाही झालं. तो ९.०२ किलोमीटरचा बोगदा रोहतांग चुकवून तुम्हाला लाहौलमध्ये, सिस्सू-केलाँगच्या बाजूला नेऊन सोडतो. कुंझुमचा फाटा वेगळा, आणि त्या खिंडीखाली बोगदा नाही. जानेवारीत काझाला जायचं तर शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो असं किन्नौरच्या अंगानं जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. जोराचा बर्फ पडला की तोही रस्ता बंद होतो आणि मशीन येईपर्यंत थांबावं लागतं. मेहुण्यांना सांगा, रजा दोन दिवस जास्तीची टाका. परतीचं तिकीट नसलेला माणूस बर्फात चांगली गाडी चालवतो.

आता तुमचं वाक्य घेऊ, ‘फोर-बाय-फोर असल्यावर अडचण येऊ नये’. फोर-बाय-फोरचं काम इंजिनाचा जोर चारही चाकांपर्यंत पोचवणं. गाडी जागची हलवायला, चढ चढायला, रुतलेली बाहेर काढायला त्याचा उपयोग. ब्रेक मारताना फोर-बाय-फोर टाकायच्या त्या लिव्हरचा काडीचा फायदा नाही. तुमच्या थारला चार चाकांना ब्रेक, माझ्या भाचीच्या अल्टोलाही चार चाकांना ब्रेक. थांबताना आणि वळताना दोन्ही गाड्यांना धरून ठेवतं ते रस्त्याला टेकलेलं तळहाताएवढं रबर.

आकडे बघा. ताशी ४० च्या वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण नऊ-दहा मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तीसच्या आसपास. निव्वळ काचेसारख्या बर्फावर साठ मीटरच्या पुढं, आणि यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. शून्याच्या जवळपासचा, वरून पाणी सुटलेला बर्फ सगळ्यात वाईट. उणे वीसमधला कोरडा बर्फ त्या मानानं बरा, चाकाखाली करकरतो.

दोन चाकांवर चालणारी गाडी निसरड्यावर निघतानाच चाक जागच्या जागी फिरवून सांगते की बाबा, इथं काही खरं नाही. फोर-व्हील गाडी गुमान निघते. चालवणाऱ्याला वाटतं रस्ता ठीक आहे, तो तिसरा टाकतो, चौथा टाकतो, आणि रस्ता कसा होता हे त्याला पहिल्या उतारावरच्या वळणावर समजतं. द्रासच्या बाजूला नाल्यात गेलेल्या ज्या गाड्या आम्ही क्रेननं वर काढल्या, त्यांत फोर-व्हीलवाल्या कमी नव्हत्या. म्हणून बर्फाच्या रस्त्यावर चढलात की पुढं-मागं कोणी नाही असा सरळ, सपाट तुकडा बघायचा, ताशी पंधराच्या वेगात ब्रेक दाबून बघायचा. गाडी किती सरकते ते पायाला कळू द्यायचं. दुपारी सावली सरकली की पुन्हा एकदा.

कुंभार्लीचा अनुभव कामाचा आहे, पण अर्धाच. चिखलाला तळ असतो. चाक चिखल कापून खाली मुरमाला लागलं की पकड मिळते, म्हणून आपण तिथं जोर देतो. बर्फाच्या कवचाला तसा तळ नाही. जोर दिला की चाक फिरतं, फिरलं की खालचा बर्फ गरम होऊन वितळतो, पुन्हा गोठतो आणि आधीपेक्षा गुळगुळीत होतो. कोयनेला लागलेली सवय तिथं उलटी पडते.

मड टायर घेऊ नका. स्पष्टच सांगतो, कारण ज्यानं ते सुचवलं त्यानं बर्फ बहुतेक फ्रीजमध्येच पाहिला असणार. मड टायरचे गट्टू मोठे आणि मधल्या फटी रुंद, चिखल फेकायला. बर्फाला लागतात त्या गट्टूंवरच्या ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक चिरा. त्या शेकड्यांनी लागतात, कारण त्यांच्या कडा बर्फात रुततात. मड टायरवर त्या फारशा नसतात. दुसरं, रबराचा मसाला. आपल्याकडचं साधं टायर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, उणे दहाला तर वहाणेच्या जुन्या तळासारखं होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. ओळखायचं कसं, तर टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकणाचं चित्र असतं. ते चित्र म्हणजे टायर बर्फावर चाचणी करून पास झालंय. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ नक्षी तशी आहे एवढाच, त्यामागं चाचणी असेलच असं नाही. काही ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हीला चालणाऱ्या टायरांवरही हे डोंगराचं चित्र असतं. तुमच्या मापात तसं मिळालं तर डोळे झाकून घ्या, कारण ते इथल्या उन्हातही वापरता येईल. खरं हिवाळी टायर साताऱ्याच्या उन्हाळ्यात घासून संपेल.

तसं मिळालं नाही, तर कंपनीच्या मापाचेच चांगले ऑल-टेरेन आणि चारही चाकांच्या चेन, एवढ्यावर जा. मोठं माप नको. रुंद टायर ताज्या बर्फावर आणि पातळ चिखलबर्फावर तरंगतं, अरुंद टायर दाबून खाली घट्ट थरापर्यंत जातं. लिफ्टनं तर पकड एका इंचानंही वाढत नाही. उलट थारसारखी आधीच उंच गाडी आणखी उंच करून तुम्ही तिला बाजूच्या उतारावर कलायला मदत करणार. ते पैसे वाचवा.

आहेत तेच टायर ठेवायचे असतील तर दोन गोष्टी बघा. नक्षीची खोली : कायद्यानं १.६ मिलिमीटर चालते, बर्फाला मी चारच्या खाली पाठवत नाही. आणि वय : टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी एवढं जुनं रबर तिकडं नेऊ नका. स्टेपनीचे आकडेही वाचा, ती कोणी वाचत नाही.

हवेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सगळ्यात स्वस्तात पकड तिथूनच मिळते. कराडला तीस अंशांत ३३ पौंड भरून निघालात आणि काझाला पहाटे उणे पंधरा असलं, तर नुसत्या थंडीनं सातेक पौंड हवा उतरते. पण काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, बाहेरच्या हवेचा दाबच कमी, त्यामुळं मीटरवर चारेक पौंड चढल्यासारखे दिसतात. गोळाबेरीज तीन पौंडांची घट. वाटेत मात्र हा हिशोब रोज बदलतो, म्हणून रोज सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या मीटरनं बघायची. दाबलेल्या बर्फाच्या रस्त्यावर दारावरच्या स्टिकरवर असेल तेवढीच ठेवा. टायर मऊ केलं की जास्त पकडतं म्हणून रस्त्यावरच हवा काढणारे आहेत, त्यांचं ऐकू नका, वळणावर टायर लोळतं. मऊ, खोल, न दाबलेल्या बर्फात अडकलात तर मात्र वीस पौंडांपर्यंत उतरवा, सावकाश बाहेर या आणि लगेच पुन्हा भरा. त्यासाठी बॅटरीला जोडायचा छोटा कंप्रेसर गाडीत पाहिजे.

चेन लागतेच. बर्फ पडला की अटल बोगद्याच्या बाजूला पोलीस बऱ्याचदा फोर-बाय-फोर किंवा चेनवाल्याच गाड्या पुढं सोडतात, त्यामुळं पुष्कळांना वाटतं की या दोन्हींतलं एक असलं की झालं. त्यांना रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांची लाइन नको असते, तुम्हाला उतारावर जिवंत राहायचं असतं. दोन वेगळ्या गरजा. टायरवरचं माप वाचून (तुमच्या गाडीवर बहुधा २५५/६५ आर १८ असेल) त्याच मापाची चेन घ्या, ‘सगळ्याला बसते’ म्हणणाऱ्याची नको. जमल्यास दोन जोड्या. एकच जोडी मागं चढवलीत तर गाडी चढ चढेल, पण उतारावर स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं सरळच जातील. पुढं चढवलीत तर वळेल, पण ब्रेक लागताच मागचा भाग पुढं यायला बघेल. एकाच जोडीवर भागवायचं तर गाडीच्या पुस्तकात कोणत्या एक्सलला सांगितलीय ते वाचा. काही गाड्यांत पुढं चढवली की आतून ब्रेकच्या पाइपला घासते.

आणि कराडात, अंगणात, चढवायची सवय करा. आमचे उस्ताद नव्या ड्रायव्हरच्या डोळ्याला पट्टी बांधून चेन चढवून घ्यायचे. तेव्हा राग यायचा. तिकडं गेल्यावर समजलं, अंधारात, वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना डोळ्यांचा तसाही उपयोग नसतो. मेहुण्यांनाही शिकवा. चढवल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन उतरायचं आणि पुन्हा ताणायची, पहिल्या खेपेला ती सैलच बसते. वेग तीसच्या आत. डांबर उघडं लागलं की काढायची, नाहीतर चेनही जाते आणि टायरही. खाली बसायला एक जाड बारदान आणि रबरी हातमोजे सोबत ठेवा. तेच बारदान चाक फिरायला लागलं तर चाकाखाली घालता येतं.

लिव्हरचं थोडक्यात. तुमच्या थारमध्ये फोर-एच (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगासाठी) टाकलं की चाकांकडं जोर नेणारे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरपेटी, नाही. म्हणून बर्फाच्या रस्त्यावर फोर-एच, आणि कोरडं डांबर लागलं, त्यातही घाटातली आवळ वळणं, की परत टू-एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर. नाहीतर स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतं आणि लिव्हर अडकून बसते. अडकलीच तर चार-सहा फूट सरळ मागं घ्या, सुटते. फोर-एच निसरडं लागायच्या आधी टाका, चाक फिरायला लागल्यावर नव्हे. फोर-एल (चारही चाकांना जोर, वेग कमी आणि ताकद जास्त) गाडी पूर्ण थांबवून, उभ्या उतारासाठी किंवा अडकलेली काढायला. बर्फाच्या उतारावर फोर-एलचा पहिला गिअर इतका रोखतो की चाकंच घसरायला लागतात. मी दुसरा वापरतो. निघतानाही दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू.

चार चाकांना जोर म्हणजे चारही चाकं ओढतातच असं नाही, हेही ध्यानात घ्या. साधं डिफरन्शियल भलतं न्यायी असतं : जो बैल मोकळा उधळतोय त्यालाच वैरण टाकतं. पुढचं एक आणि मागचं एक चाक बर्फावर, उरलेली दोन मुरमावर, तरी गाडी जागची हलत नाही. तुमच्या मॉडेलात मागच्या एक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असेल तर एक चाक बरंच जास्त फिरलं की ते आपोआप पकडतं. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था असेल तर अॅक्सिलरेटर जरा धरून ठेवावा लागतो, ती काम करायला लागली की आपण घाबरून पाय काढतो आणि गाडी तिथंच राहते. आंबेनळीत किंवा ठोसेघरच्या एखाद्या खड्डेवाटेवर हे आधी करून बघा. गाडीत काय आहे ते काझाला कळून उपयोग नाही.

चालवताना : ब्रेक, स्टिअरिंग, अॅक्सिलरेटर, तिन्हीतलं एका वेळी एकच आणि तेही सावकाश. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर वेग कमी करा, वळणात फक्त वळा. एबीएस (ब्रेक मारताना चाक जखडू न देणारी व्यवस्था) पायाखाली धडधडलं तर पाय काढू नका, दाबून धरा. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी तीननंतर सावलीतल्या वळणांवर, पुलांवर आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांवर विशेष नजर. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठतं आणि ओल्या डांबरासारखं दिसतं. समोर डांबर ओलं दिसतंय पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाही, म्हणजे तो बर्फ आहे.

राहिलेलं भराभर. कूलंटमध्ये आपल्याकडं उन्हाळ्यात नळाचं पाणी ओततात, ते सगळं काढून निम्मं-निम्मं भरून घ्या, उणे पस्तीसपर्यंत काळजी नाही. नुसतं पाणी गोठलं तर इंजिनाचा ब्लॉक फुटतो. बॅटरी तीन वर्षांच्या पुढची असेल तर बदला, कडक थंडीत तिचा निम्मा जोर जातो. इथलं डिझेल तिकडं मेण धरतं, म्हणून टाकी थंड भागातल्याच पंपावर भरत जा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, आमच्या वेळी ते नव्हतं, ट्रकवाले टाकीखाली जाळ करायचे. ते तुम्ही करू नका, आणि रॉकेल मिसळायचा सल्लाही ऐकू नका, तुमच्या इंजिनाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. आणि बर्फात अडकून इंजिन सुरू ठेवून बसायची वेळ आली तर आधी खाली उतरून सायलेन्सरचा पाइप मोकळा करा, दर थोड्या वेळानं पुन्हा करा. पाइप बुजला तर धूर गाडीत येतो, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. हे मेहुण्यांना नीट समजावून सांगा.

प्रश्न : काका, माझी जुनी बोलेरो कॅम्पर आहे, फोर-व्हील. काळ्या रानात द्राक्षबाग. डिसेंबरात फवारणीच्या वेळी बागेला पाणी असतं आणि गाडी हमखास बसते. ट्रॅक्टरनं ओढावी लागते. टायर बदलू की आणखी काही?
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : वर कराडच्या वाचकाला मड टायर घेऊ नका म्हणालो, तुम्हाला सांगतो, घ्या. काळी माती गट्टूंच्या मध्ये बसली की साधं टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत रूळ होतं. मड टायर फिरताना ती फेकून देतं. गाडी मुख्यतः रानात आणि गावातल्या गावातच फिरत असेल तरच, कारण हेच टायर तासगाव-सांगली रस्त्यावर ओलं डांबर लागलं की ब्रेकला कच्चं पडतं, आणि आवाजानं डोकं उठवतं.

पण त्याच्या आधी फुकटातलं करून बघा. कॅम्परचा मागचा हौदा रिकामा असला की मागच्या एक्सलवर वजनच नसतं, सगळा भार पुढं. फवारणीची टाकी केबिनला चिकटून न ठेवता बरोबर मागच्या एक्सलच्या वर आणा आणि पट्ट्यानं आवळा. जाताना टाकी भरलेली असते म्हणून गाडी आत जाते. येताना ती रिकामी, म्हणून बसते. तुम्ही आठवून बघा, परतीलाच बसत असेल. रिकाम्या खेपेला वाळूची चार पोती टाका. एक्सलच्या पार मागं टाकू नका, त्यानं पुढची चाकं हलकी होऊन वळायची बंद होतात. बागेत शिरताना हवा वीस-बावीस पौंड, डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरायची. आणि फोर-व्हील बांधावरच टाका. गाडी बसल्यावर टाकायची सवय ट्रॅक्टरवाल्याच्या फायद्याची आहे.

एक विनंती. बाहेर पडताना टायर काठीनं खरवडून मगच रस्त्यावर या. उसाच्या दिवसांत तसाही ट्रॉल्यांमधून पडलेला पाला आणि चिखल रस्त्यावर असतो, पहाटे त्यावर दव पडतं. तुमची गाडी निघून जाते, मागून येणारा दूधवाला पडतो.

प्रश्न : भाऊ, मी शिक्षिका आहे, वाईहून रोज सकाळी महाबळेश्वरला गाडीनं जाते. दर थंडीत वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. मुलगा म्हणतो ही साधी हॅचबॅक विकून ऑल-व्हील-ड्राइव्ह घेऊ. गरज आहे का?
— एक वाचक, वाई

उत्तर : ताई, नाही. वेण्णा लेक आणि लिंगमळ्याला गोठतं ते गवतावरचं, स्ट्रॉबेरीच्या पानांवरचं आणि रात्रभर उघड्यावर उभ्या गाड्यांच्या टपांवरचं दव. रात्री आकाश निरभ्र असलं की या पातळ वस्तू आपली उष्णता भराभर सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. रस्त्याचं डांबर दिवसाची ऊब धरून असतं, तिथं फार तर ओल मिळते. पसरणी घाटातल्या तुमच्या खऱ्या अडचणी म्हणजे धुकं, ओला रस्ता आणि वळणावर बसलेली माकडं. त्यावर ऑल-व्हील-ड्राइव्ह काही करत नाही. चार चांगली टायर, काचेच्या आतली वाफ घालवणारा एसी आणि पिवळे फॉग लाइट, एवढ्यात काम होतं. मुलाला मोठी गाडी हवी असेल तर ती त्याच्या पगारातून घेऊ द्या.

प्रश्न : जुनी जिप्सी घेतली आहे. पुढच्या चाकांच्या मध्यावर हातानं फिरवायची चकती आहे, ती मी दोन्हीकडं लॉकवर केली आणि फोर-व्हीलही टाकलं. तरी चांदोलीच्या बाजूला चढावर मागचीच चाकं फिरतात, पुढची ढिम्म.
— एक वाचक, शिराळा

उत्तर : चकती लॉकवर दिसते याचा अर्थ हब (चाकाला शाफ्टशी जोडणारा मधला भाग) आतून जुळलाय असा नाही. जुन्या जिप्सीत आतलं ग्रीस सुकून दगड होतं आणि दात पुढं सरकतच नाहीत. सपाट जागी गाडी उभी करा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. फोर-एच, गिअर पहिला, इंजिन बंद. पुढचं एक चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या आणि हातानं फिरवा. दोन्ही हब जुळलेले असतील तर चाक थोडं हलून अडतं. फिरत राहिलं तर दोन्हींपैकी एक हब पकडत नाही. कोणता ते खालून डोकावून कळत नाही, जिप्सीत चाकांचे शाफ्ट एक्सलच्या नळीत झाकलेले असतात. म्हणून दोन्ही हब खोलून रॉकेलनं धुवा, स्प्रिंग तपासा, नवं ग्रीस पातळ लावा. ठासून भरलं की पुन्हा तेच होणार. दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील टाकून किलोमीटरभर चालवत जा. एवढं करूनही ओढली नाही, तर ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतला) फोर्क बघावा लागेल. मग गाडी घेऊन या, दुपारी बारानंतर.